लोहाऱ्याला काढून ठेवलेला डबा

औशाहून सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, पण सरांनी गाडी पुसायला घेतली आणि आठ वाजले. जुन्या धोतराचा मऊ तुकडा घेऊन त्यांनी काचा पुसल्या, दिवे पुसले, चाकांच्या वाट्या पुसल्या. मग मागच्या सीटवरचं प्लास्टिक नीट ओढून बसवलं. गाडी घेऊन सात वर्षं झाली तरी ते प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "जशी नेतोस तशी आण. बाकी काही नाही."

सर म्हणजे आमच्या शाळेचे हेडसर. माझे वडील बाजार समितीत हमाली करायचे. दहावीनंतर मलाही तिथेच लावायचं त्यांच्या मनात होतं, तेव्हा सर आमच्या घरी येऊन ओसरीवर बसले आणि कॉलेजचा अर्ज स्वतःच्या हाताने भरूनच उठले. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ती घेऊन दोन वर्षं घरीच बसलो होतो. मग कापूस तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत हंगामापुरतं काम मिळालं. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना) जायचं, आलेल्या कापसाची ओल मोजायची, नमुने गोळा करायचे. अट एकच होती, स्वतःचं वाहन हवं. आमच्या घरी सायकल होती. सर म्हणाले, "माझी गाडी पडूनच आहे. संक्रांतीच्या आधी आणून दे, काकूंना भाचीच्या लग्नाला न्यायचंय."

लातूर, नांदेड, उमरखेड, महागाव, आर्णी. नकाशात ही नावं एका बोटाने जोडता येतात, रस्त्यावर पूर्ण दिवस गेला. उमरखेड मागे पडलं तसे दोन्ही बाजूंना कपाशीचे पट्टे सुरू झाले. आमच्याकडे ऊस आणि सोयाबीन बघून वाढलेल्या डोळ्यांना ती पऱ्हाटी (कपाशीची झाडं) आधी सुंदर वाटली. जवळून पाहिल्यावर बोंडं अर्धवट उमललेली दिसली, काही किडीने काळवंडलेली. अवकाळी पाऊस नुकताच पडून गेला होता. त्या वर्षांत वर्तमानपत्रात यवतमाळचं नाव रोज यायचं आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. आर्णीच्या टपरीवर चहा पिताना मी कापसाचा विषय काढला, तर चहावाला म्हणाला, "भाऊ, चाय घ्या. कापसाचं पेपरात वाचून घ्या." मी चहा संपवून पैसे दिले.

यवतमाळात बसस्थानकामागे एक खोली मिळाली. पहिल्या संध्याकाळी खानावळीत पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची तिखट आमटी) खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं. जेवण झाल्यावर सरांना फोन केला.

"पोचलास? गाडी बरी आहे ना?"

"बरी आहे, सर."

पुढे रोज संध्याकाळी हा प्रश्न येणार होता. पहिल्या दिवशी उत्तर तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी लोहाऱ्याला गेलो. यवतमाळला लागूनच असलेली ही औद्योगिक वसाहत. जिनिंगच्या फाटकावर नामदेव नावाचे म्हातारे चौकीदार होते. त्यांच्याकडे एका काठीला बांधलेला दाढीचा आरसा होता. तो त्यांनी गाडीखाली सरकवला, वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"हे आत नाई जाणार, साहेब."

"का हो?"

"मंधात डबा हाय. तापला का लाल होते. आत जमिनीवर पाहा, रुईच रुई पडून राह्यते. मागच्या साली एक कार अशीच आत उभी केलती. खालची रुई पेटली, मंग गंजी (कापसाचा मोठा ढीग) पेटली. दोन दिवस इझली नाई."

"मग ट्रॅक्टर कसे जातात?"

"त्याइच्या धुराड्याले जाळी हाय. अन् त्याइचं धुराडं वर हाय, तुमचं खाली हाय." मग त्यांनी माझ्या गाडीच्या चकचकीत टपाकडे पाहिलं. "बाकी गाडी चांगली ठेवली हाय. लग्नातली हाय का?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. धूर शुद्ध करणारा तो डबा गाडीच्या पोटाखाली असतो आणि भयंकर तापतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. गाडी फाटकाबाहेर लावून मी चालायला लागलो. फाटकापासून गंजीपर्यंत अर्धा किलोमीटर. खांद्यावर ओल मोजायचं यंत्र, हातात नमुन्यांच्या पिशव्या. गाडी आत नेता येत नसल्यामुळे प्रत्येक गंजीचे नमुने घेऊन परत फाटकाशी यायचं, पिशव्या ठेवायच्या, पुन्हा जायचं. दोन दिवस असे काढले. नाकातोंडात रुईचे तंतू आणि पायाला फोड. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फाटकाशेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात पाणी प्यायला बसलो. दुकान कलीमभाईंचं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, असे पायी पायी किती दिवस? तो डबा काढून टाकू. सीधा पाइप बसवतो, तोंडाला जाळी. मंग नामदेवकाका आरसा घालो नाई तं दुर्बीण घालो."

"गाडीला काही होणार नाही ना?"

"आवाज थोडा मोठा होईन. बस."

सरांना विचारावं असं मनात आलं. फोन खिशातच होता. पण मी थकलो होतो आणि सर नको म्हणतील हे मला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही. कलीमभाईंनी तासाभरात डबा कापून काढला, त्याच्या जागी पाइप जोडला, टोकाला जाळी बसवली. काढलेला डबा त्यांनी खडूने माझं नाव लिहून भिंतीच्या खुंटीला टांगला.

"घेऊन जा वापस जाताना. फेकू नका. चीज कंपनीची हाय."

नामदेवांनी आरसा घातला आणि हसून फाटक उघडलं. पुढचे चार दिवस काम झपाट्याने झालं. संध्याकाळी सरांचा फोन आला की मी म्हणायचो, "बरी आहे, सर." आवाज मोठा झाला होता एवढंच, आणि आवाज फोनवर ऐकू जात नव्हता.

पाचव्या दिवशी वणीकडे निघालो. जोडमोह्याच्या पुढे सागाची झाडी लागते. रस्ता वळणावळणाने चढतो, पानगळ सुरू झालेली, मध्येच एखादा पळस. अशा रस्त्यावर मनाला जरा बरं वाटतं. नेमक्या त्याच चढावर समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, छोटासा. सरांच्या सात वर्षांत तो कधी लागला नसावा. लागला असता तर त्यांनी मला सांगितलं असतं, कारण त्यांनी निघताना मला वायपरचं रबर कधी बदललं तेही सांगितलं होतं.

गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडून पाहिलं. मला काय दिसणार होतं, इंजिन होतं ते दिसलं. पुढे करंजीला रस्त्यालगत एक मेस्त्री भेटला. पानाने भरलेल्या तोंडाने त्याने सगळं ऐकलं, बॅटरीची एक वायर काढली, पान थुंकून आला, वायर परत लावली. दिवा गेला होता.

"झालं?"

"झालं."

"पण कशामुळे लागला होता?"

"तुमाले दिवा नको होता का कारण पाह्यजे होतं?" तो म्हणाला. मला दोन्ही हवं होतं, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही.

मारेगाव ओलांडलं आणि दिवा पुन्हा लागला. आता मात्र मी थांबलो नाही. थांबून करणार काय? वणीत शिरताना एका सायकलच्या दुकानातून काळी चिकटपट्टी घेतली, नखाएवढा तुकडा तोडला आणि दिव्यावर चिकटवला. समोरचे सगळे काटे जागच्या जागी होते, गाडी चालत होती. त्या संध्याकाळी सरांनी विचारलं तेव्हा "बरी आहे" म्हणताना माझा हात त्या पट्टीवर होता.

वणी हे चमत्कारिक गाव आहे. एका रस्त्याने कोळशाचे ट्रक येतात, दुसऱ्या रस्त्याने कापसाच्या गाड्या, आणि दोन्ही एकाच चौकात अडकतात. बाभळींच्या काट्यांना पांढरी रुई लटकलेली असते आणि तिच्यावर काळी धूळ बसलेली असते. मी सकाळी पांढरा शर्ट घालून निघायचो आणि दुपारपर्यंत तो दोन्ही रंगांचा व्हायचा. इथल्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार खुर्चीत बसून होता. ना आरसा, ना काठी. त्याने हातानेच जा म्हणून खूण केली. गाडीखाली काय आहे याची त्याला काही पडलेली नव्हती. ज्यासाठी मी डबा कापून काढला होता, त्याची इथे कोणाला गरजच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सुमनबाई आल्या. राजूरकडच्या, पन्नाशीच्या, डोक्याला फडकं बांधलेल्या. शेवटच्या वेचणीची दोन गाठोडी त्या कोणाच्या तरी टेम्पोवर टाकून घेऊन आल्या होत्या. माझ्या यंत्राला दोन दिवे आहेत. कापूस कोरडा असला की हिरवा लागतो, ओला असला की लाल. त्यांच्या कापसात यंत्राचे काटे खुपसले तर लाल लागला.

"पावसात सापडला, भाऊ," त्या म्हणाल्या. "वरून वाळला हाय पाहा. हात लावून पाहा."

"मावशी, आतून ओला आहे. यंत्र दाखवतं ना."

"मंग यंत्रावर हात ठेवा थोडा. कोणाले दिसते?"

"तसं नाही करता येत." मी सरांच्या वर्गातल्या आवाजात बोललो. "ओला कापूस दाबून गाठी केल्या तर आत सडतो. तुम्ही दोन दिवस कडक उन्हात पसरा, परत आणा. मी परवापर्यंत आहे."

त्या गाठोडी पुन्हा बांधायला लागल्या. टेम्पो निघून गेला होता. मला दुपारून राजूरच्या बाजूलाच जायचं होतं, म्हणून म्हणालो, "चला, मी सोडतो." गाठोडी मागच्या सीटवर, सरांच्या प्लास्टिकवर ठेवली. त्या पुढे बसल्या.

वाटेत कोळशाचा ट्रक आडवा आला आणि आम्ही अडकलो. सुमनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या काट्यांमधल्या त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे कायले लावलं?"

"काही नाही. एक दिवा लागून राहतो, त्रास होतो डोळ्याला."

त्यांनी नखाने पट्टीचा कोपरा उचलला. खालून पिवळा उजेड आला. त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग कोपरा परत नीट चिकटवला, वर अंगठ्याने दाबलाही.

"असं हाय का," त्या म्हणाल्या. "तुमचा दिवा झाकता येते, आमचाच नाई येत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. फडक्याने त्यांनी तोंडावरची धूळ पुसली आणि ट्रक हलला का ते बघायला लागल्या. राजूरच्या फाट्यावर त्यांना उतरवलं, गाठोडी काढून दिली. मागच्या प्लास्टिकवर रुईचे तंतू चिकटले होते. त्या ते पदराने पुसायला लागल्या, मी राहू द्या म्हणालो.

परत येताना मी गाडी एका लिंबाखाली उभी केली, पट्टी काढली आणि सरांना फोन लावला. दुपारची वेळ होती, त्यांची झोपेची.

"काय रे, आत्ता कसा फोन?"

मी सगळं सांगितलं. आरसा, डबा, पाइप, जाळी, दिवा, पट्टी. रोज संध्याकाळी काय म्हणत आलो तेही सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं ते किल्ली परत मागतील, आणि मग उरलेल्या कामाचं काय याचीही भीती वाटली. पण खरी भीती वेगळी होती. माझ्या घराबाहेरच्या जगात माझ्यावर पहिल्यांदा विश्वास टाकला तो या माणसाने, आणि मी तो अर्धा किलोमीटर चालणं वाचवायला खर्च केला होता.

"डबा काढताना फोन का नाही केलास?" सर शेवटी म्हणाले.

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो. मग काय केलं असतंस?"

"चाललो असतो, सर."

"हं." पुन्हा पंखा. "डबा कुठे आहे?"

"लोहाऱ्याला. दुकानात टांगलाय. असेल तर."

"असेल तर म्हणजे? विचार आधी. आणि गाडी हळू चालव."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मी लगेच कलीमभाईंना फोन केला.

"हाय ना, साहेब. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्यात म्हणे महाग धातू असते. मी म्हटलं, नाव लिहेल हाय, दिसत नाई का?"

"परत बसवता येईल?"

"येते ना. पण मले सांगा, काहून?"

"दिवा लागला."

"मंग गलती माझी हाय. डब्याच्या मांगं एक सेन्सर होता, तो मी पाइपातच बसवून देल्ला. धूर साफ होते का नाई ते पाहाचं काम त्याचं. आता साफ करणाराच खुंटीवर लटकून राह्यला, तं तो बोंबलणारच. घेऊन या."

वणीतला शेवटचा दिवस. अकराच्या सुमारास सुमनबाई त्याच दोन गाठोड्यांसह आल्या. दोन दिवस कडक ऊन पडलं होतं. मी काटे खुपसले. आम्ही दोघंही यंत्राकडे बघत होतो. हिरवा लागला. त्यांनी हसूबिसू काही दाखवलं नाही, फक्त गाठोड्यावरचा हात काढला.

जिनिंगच्या माणसाने माल उचलल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा इझला का?"

"नाही अजून. पण पट्टी काढली."

"मंग तुमची गाडी बी वाळू घाला दोन दिवस."

आता त्या हसल्या. बाजूचा हमालही हसला. मलाही त्या सगळ्या दौऱ्यात पहिल्यांदा मोकळं हसू आलं.

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा डबा खुंटीवर होता. खडूचं नाव पुसट झालं होतं. कलीमभाई लगेच गाडीखाली शिरले. नामदेव काठी घेऊन आले आणि आरशातून सगळं पाहत राहिले.

"आता पुन्हा आत नाई जाणार बरं का," ते म्हणाले.

"माहीत आहे, काका. आता घरीच जायचंय."

"मंग घरी जा. घरी रुई नसन."

काम झालं. कलीमभाईंनी हातमजुरी घ्यायला नकार दिला, चहा मात्र माझ्याकडून घेतला. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा तसाच.

"हे लगेच नाई इझत," ते म्हणाले. "गाडीले पटावं लागते. दोन-चार दिवस चालवा, ती स्वतः तपासते, पटलं का स्वतःच बंद करते. वायर काढून मी आताच बंद करून देऊ शकतो."

"नको," मी म्हणालो. "करंजीच्या मेस्त्रीने तसाच घालवला होता, मारेगावला परत लागला. राहू दे."

परतीचा रस्ता तोच. आर्णी, महागाव, उमरखेड. चहावाल्याने ओळखलं आणि विचारलं, "काय मंग, पेपर वाचला का?" मी म्हटलं, या वेळी कापूस प्रत्यक्षच पाहिला. तो मान हलवून कप धुवायला लागला. दिवसभर तो दिवा माझ्यासमोर होता. जाताना तो झाकला होता तेव्हा मनात सारखा तोच असायचा. येताना उघडा होता आणि कित्येक मैल मी त्याला विसरून शेतं बघत होतो. वेचणी संपलेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. त्या गावांमध्ये मी जवळजवळ दोन आठवडे लोकांच्या कापसाला ओला की कोरडा ते सांगत फिरलो. ते काम चुकीचं नव्हतं, आजही मी तेच सांगेन. पण सांगणारा कोण आहे, हेही लोक बघत असतात, हे मला यंत्रासोबत कोणी शिकवलं नव्हतं.

औशाला दुपार उलटून गेल्यावर पोचलो. सर अंगणातच होते. ते आधी गाडीभोवती फिरले, मग आत बसले, किल्ली फिरवली. दिव्याकडे पाहिलं. चिकटपट्टीच्या गोंदाचा डाग काचेवर राहिला होता, त्यावरून बोट फिरवलं. मग मागे वळून सीट पाहिली. प्लास्टिकच्या घडीत अजून थोडी रुई होती.

"डबा तोच?"

"तोच, सर."

"हा दिवा जाणार कधी?"

"गाडीला पटलं की जाईल म्हणाले." मग मी सुमनबाईंचं सांगितलं, पट्टीचं आणि वाळू घालण्याचंही. सरांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. नेहमीप्रमाणे गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली, वर कापडी आवरण चढवलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. चहा पिताना ते वडिलांच्या पाठदुखीबद्दल बोलले, गाडीबद्दल काही बोलले नाहीत.

सकाळी मी आभार मानायला आणि खरं तर त्यांचं मन कळावं म्हणून पुन्हा गेलो. शेड रिकामी होती. आवरण दोरीवर होतं. सर गाडी अंगणाच्या मधोमध, कडक उन्हात उभी करून, चारही दारं उघडी टाकून शेजारी खुर्चीवर बसले होते. मागच्या सीटवरचं सात वर्षांचं प्लास्टिक त्यांनी काढून घडी करून ठेवलं होतं.

मला बघून ते म्हणाले, "बस. दुपारी मला लातूरपर्यंत ने. चालवल्याशिवाय तिला पटायचं नाही."